संगणकशास्त्राची पाठ्यपुस्तके आणि दृष्टान्ताचा प्रश्न : हिवरे बाजारच्या संदर्भात

प्रास्ताविक

प्रस्तुत लेखात प्रोग्रॅमिंग आणि ऑपरेटिंग सिस्टिम हे दोन विषय शिकविणाऱ्या पुस्तकांचा विचार केला आहे. महाराष्ट्रातील पदवी महाविद्यालयांत ही पुस्तके गेली तीन दशके वापरात आहेत. त्यांची समीक्षा मात्र क्वचितच झाली. कादंबरीचे परीक्षण होते, इतिहासग्रंथावर वाद झडतात. पाठ्यपुस्तक अभ्यासमंडळाच्या बैठकीत 'लावले' जाते आणि अभ्यासक्रमाच्या पुढील पुनर्रचनेपर्यंत यादीत तसेच राहते. ते कोणासाठी लिहिले आहे, त्यातील उदाहरणे कोणत्या जगातून आली आहेत, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. २०२४ पर्यंत अहमदनगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अहिल्यानगर जिल्ह्यात अध्यापन करणाऱ्यास ते टाळता येत नाहीत. बी.सी.ए. किंवा बी.एस्सी. संगणकशास्त्राच्या वर्गातील पुष्कळ विद्यार्थी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेले, शेतकरी कुटुंबातून आलेले असतात. डेडलॉकच्या चार अटी ते अचूक लिहितात. त्यांतील एक अट काढून घेतली तर काय घडेल, असे विचारले की वर्ग शांत होतो.

ही शांतता इंग्रजी न आल्यामुळे आहे, असे सर्रास म्हटले जाते. त्यात तथ्य आहे, पण ते पुरेसे नाही. विवेचनासाठी येथे मराठी परंपरेतीलच एक साधन वापरावयाचे आहे. महानुभाव वाङ्मयात केसोबासांनी संकलित केलेल्या 'दृष्टान्तपाठा'ची रचना तीन अंगांची आहे : सूत्र, दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक. सूत्र म्हणजे सिद्धान्त, दृष्टान्त म्हणजे परिचित जगातील उदाहरण आणि दार्ष्टान्तिक म्हणजे त्या उदाहरणाचे एकेक अंग सिद्धान्ताच्या एकेका अंगाशी जुळवून दाखविणे. ज्ञानेश्वरी ज्या नेवाशात सांगितली गेली ते याच जिल्ह्यातले. तत्त्वज्ञानातील अवघड विषय लोकभाषेत आणताना दृष्टान्ताचा वापर किती काटेकोरपणे करता येतो, हे आपल्या भाषेने सातशे वर्षांपूर्वीच पाहिले आहे. संगणकशास्त्राच्या पुस्तकांकडे या तीन अंगांच्या दृष्टीने पाहिले असता त्यांची बलस्थाने आणि उणिवा बऱ्याच स्पष्ट होतात.

वापरापुरती मराठी

मराठीतील संगणकविषयक पुस्तकांची संख्या कमी नाही. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम २००१ नंतर तालुक्या-तालुक्यांत पोचला आणि त्याच्याबरोबर मराठीतून संगणक शिकण्याची सवयही पोचली. शासकीय सेवेसाठी संगणक अर्हता आवश्यक ठरल्यामुळे शिक्षक, ग्रामसेवक, लिपिक अशा मोठ्या वर्गाने माउस प्रथमच हाती धरला. हे कार्य लहान नव्हे. परंतु या प्रवाहातील पुस्तकांचा आणि त्यांच्या अनुकरणाने निघालेल्या असंख्य मार्गदर्शिकांचा आशय पाहिला तर तो वापराचा आहे : फाइल कशी उघडावी, तक्ता कसा आखावा, पत्र कसे छापावे. फाइल उघडते तेव्हा आत काय घडते, हा त्यांचा विषयच नाही. विंडोजची पुढची आवृत्ती आली की अशा पुस्तकाची निम्मी पाने निरुपयोगी होतात.

अच्युत गोडबोले यांचे 'संगणकयुग' वेगळ्या जातीचे आहे; सर्वसामान्य मराठी वाचकाला या क्षेत्राची ओळख करून देणे हा त्याचा हेतू आणि त्या मर्यादेत त्याचे मूल्य निश्चित आहे. मात्र ते वाचून कोणी आज्ञावली लिहू लागेल, अशी अपेक्षा त्या पुस्तकाकडून करणेच गैर होईल. मुंबईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने लिनक्स, सी, पायथन यांचे ध्वनिचित्रपाठ मराठीतूनही उपलब्ध करून दिले. पडद्यावर इंग्रजी आणि कानावर मराठी, ही त्यांची तडजोड व्यवहार्य आहे आणि पाठ ऐकता ऐकता स्वतः करून पाहण्यावर त्यांचा भर आहे. तथापि दहा-बारा मिनिटांच्या पाठात कृती दाखविता येते, कारणमीमांसा मागे पडते.

राहता राहिला परिभाषेचा मुद्दा. ऑपरेटिंग सिस्टिमला संचालन प्रणाली म्हणावे, परिचालन प्रणाली म्हणावे की कार्यकारी प्रणाली, यावर मराठीत बरीच शाई खर्ची पडली आहे. एकवाक्यता असती तर बरे झाले असते. पण प्रस्तुत लेखकाच्या मते हा वाद मूळ दुखण्यापासून लक्ष विचलित करणारा ठरला. 'प्रोसेस' हा शब्द तसाच ठेवूनही तिचे स्वरूप उत्तम मराठीत समजावता येते, आणि 'प्रक्रिया' हा शब्द योजूनही काहीच न समजावणारी पाने छापता येतात.

इंग्रजीत लिहिणारे महाराष्ट्रीय

येथे एक विलक्षण वस्तुस्थिती नोंदविली पाहिजे. देशभरातील विद्यार्थ्यांनी ज्या पुस्तकांवरून हे विषय शिकले, त्यांतील काही महत्त्वाची पुस्तके महाराष्ट्रातच, परंतु इंग्रजीत लिहिली गेली. नागपूरचे यशवंत कानेटकर यांचे 'लेट अस सी', गोडबोले यांचे 'ऑपरेटिंग सिस्टिम्स' (पुढील आवृत्तीत अतुल कहाते सहलेखक) आणि आयआयटी मुंबईचे धनंजय धामधेरे यांची सिस्टिम्स प्रोग्रॅमिंग व ऑपरेटिंग सिस्टिमवरील पुस्तके ही त्यांतील ठळक उदाहरणे होत.

यांपैकी 'लेट अस सी'च्या यशाचे रहस्य तपासण्यासारखे आहे. कर्निघॅन आणि रिची यांचा १९७८ सालचा सी भाषेवरील मूळ ग्रंथ अत्यंत नेमका आहे. पण तो प्रोग्रॅमिंग आधीच येत असलेल्या वाचकासाठी लिहिलेला आहे. कानेटकरांचा वाचक वेगळा. तो पहिल्यांदाच संगणकासमोर बसला आहे, हे त्यांनी कधी नजरेआड होऊ दिले नाही. आरंभीच त्यांनी भाषा शिकण्याचा दृष्टान्त घेतला : आधी अक्षरे, मग शब्द, मग वाक्ये, मग परिच्छेद, त्याचप्रमाणे आधी चिन्हे, मग स्थिरे-चले, मग विधाने, मग संपूर्ण आज्ञावली. येथे चारही पायऱ्या एकास एक जुळविलेल्या आहेत, म्हणजे दार्ष्टान्तिक पूर्ण आहे. वाक्ये छोटी, बोलण्याच्या सुरातली आणि क्वचित मिस्कील. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला हे इंग्रजी आपलेसे वाटले. त्याची दुसरी बाजू अशी की, जुन्या आवृत्त्या टर्बो सी या डॉसवरील कंपायलरशी घट्ट बांधलेल्या होत्या. पुढील आवृत्त्यांत लेखकाने बदल केले. महाविद्यालयीन प्रयोगशाळा मात्र दीर्घकाळ टर्बो सीच्या निळ्या पडद्यालाच चिकटून राहिल्या. त्यामुळे भाषेचा नियम कोणता आणि त्या विशिष्ट कंपायलरची लकब कोणती, हा भेद कित्येक विद्यार्थ्यांच्या मनात कधी तयारच झाला नाही.

गोडबोल्यांच्या पुस्तकाची मांडणी अधिक धाडसी आहे. सिल्बरशाट्झ आणि सहकाऱ्यांच्या सर्वत्र नेमल्या जाणाऱ्या ग्रंथात प्रोसेसची चर्चा आधी येते आणि फाइल बरीच उशिरा. गोडबोले याउलट माहितीच्या व्यवस्थापनापासून, म्हणजे फाइल आणि डिस्क यांच्यापासून, आरंभ करतात. डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूकडून न दिसणाऱ्या व्यवस्थेकडे जाण्याचा हा क्रम आपल्या विद्यार्थ्यांस अधिक मानवणारा आहे. धामधेरे यांचे विवेचन अधिक औपचारिक असून प्रत्येक संकल्पनेची व्याख्या ते काटेकोर बांधतात. ते शिक्षकाने जवळ ठेवावे असे पुस्तक आहे.

हे सर्व लेखक उत्तम मराठी जाणणारे. बाजारपेठ देशव्यापी आणि परीक्षा इंग्रजीत असल्याने त्यांनी इंग्रजीत लिहिणे स्वाभाविक होते. मात्र या पुस्तकांच्या खाली जो तिसरा थर आहे, त्यावर कठोरपणे बोलणे भाग आहे. विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकेनुसार बेतलेली प्रश्नोत्तरवजा पुस्तके हाच बहुसंख्य विद्यार्थ्यांचा प्रत्यक्ष आधार असतो. त्यांत सूत्र तेवढे शिल्लक राहते. दृष्टान्त आलाच तर मूळ इंग्रजी ग्रंथातून उचललेला, आणि दार्ष्टान्तिक गाळलेले. सिल्बरशाट्झच्या ग्रंथात डेडलॉकसाठी अमेरिकेतील कॅन्सस राज्याच्या एका जुन्या कायद्याचा दाखला आहे : रुळांच्या छेदावर दोन गाड्या समोरासमोर आल्या तर दोघींनी थांबावे आणि दुसरी निघून गेल्याशिवाय कोणीही हलू नये. त्या संदर्भात तो गमतीदार आणि नेमका आहे. मार्गदर्शिकेत मात्र नुसते 'दोन रेल्वेगाड्यांचे उदाहरण' एवढेच उरते आणि विद्यार्थी तेही पाठ करतो.

हिवरे बाजारचा पाऊस

आता नगर तालुक्यातील हिवरे बाजारकडे वळू. गावाची कथा सर्वपरिचित आहे. १९९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले, पाणलोटाची कामे झाली, दुष्काळी गाव आदर्श गाव म्हणून ओळखले जाऊ लागले. २०२० मध्ये पवार यांना पद्मश्री जाहीर झाली. पाठ्यपुस्तकांत हे गाव येते ते ग्रामविकासाच्या धड्यात, बहुधा गौरवाच्या सुरात. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती गावाची आकडेमोड. पावसाची नोंद ठेवली जाते, विहिरींच्या पातळ्या मोजल्या जातात आणि पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो. माणसांचे आणि जनावरांचे पिण्याचे पाणी प्रथम. उरलेल्यावर कोणती पिके घ्यावयाची ते ठरते. उसासारख्या पिकाला आणि सिंचनासाठी विंधनविहिरीला गावाने बंदी घातली. आदाने, नियम, निर्णय आणि फलित, हे सारे असलेली ही व्यवस्था गावातील शाळकरी मुलालाही ठाऊक असते.

सी भाषेच्या पुस्तकांत मात्र आजही आर्मस्ट्राँग संख्या, पॅलिन्ड्रोम आणि फिबोनाची श्रेणी यांचाच फेरा चालतो. या आज्ञावल्या निरुपयोगी नाहीत. पण उत्तर चुकले तरी विद्यार्थ्याला त्याचे काही वाटत नाही, कारण उत्तर काय यावयास हवे याचा अंदाजच त्याच्याजवळ नसतो. त्याऐवजी हिवरे बाजारचे गणित घेऊ. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा घनमीटर पाणी. गावाचे क्षेत्र सुमारे ९७६ हेक्टर. वर्षाला ४०० मिलिमीटर पाऊस धरला, तर गावशिवारावर पडलेले पाणी ४०० गुणिले ९७६ गुणिले १०, म्हणजे ३९,०४,००० घनमीटर. ही आज्ञावली चार ओळींची आहे. ती टर्बो सीमध्ये साध्या 'इंट' प्रकारची चले घेऊन लिहिली, तर पहिल्या गुणाकारालाच, ३,९०,४०० ऐवजी, पडद्यावर उणे २८१६ उमटते. कारण त्या कंपायलरमध्ये 'इंट'ला सोळा बिटांची जागा असते आणि तीत ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही.

पाऊस उणे कसा पडेल, हा प्रश्न येथे शिक्षकाला विचारावा लागत नाही. डेटा टाइपचे प्रकरण, जे एरवी तक्ता पाठ करण्यात संपते, ते या एका उणे चिन्हाने उभे राहते. आधुनिक बत्तीस बिटांच्या 'इंट'मध्ये हे उत्तर बरोबर येते; तेव्हा तेच पाणी लिटरमध्ये मागावे. ३९० कोटी ४० लाख लिटर ही संख्या २१४ कोटी ७४ लाखांच्या मर्यादेत बसत नाही, आणि उत्तर बहुधा पुन्हा उणेच दिसते. मर्यादा यंत्राबरोबर सरकते, नाहीशी होत नाही, हे तेथे कळते. त्यापुढे बारा महिन्यांच्या नोंदी म्हणजे ॲरे, पिकांचा निर्णय म्हणजे 'इफ-एल्स', पर्जन्यमापकाची नोंद चुकून उणे भरली गेली तर ती नाकारणे म्हणजे आदानाची तपासणी. एवढ्या एका उदाहरणावर पहिल्या सत्राचा निम्मा अभ्यासक्रम पेलता येतो.

पाळी आणि सावड

ऑपरेटिंग सिस्टिमच्या बाबतीत प्रश्न अधिक नाजूक आहे; कारण मर्यादित साधने अनेक मागणीदारांत वाटणे हाच या विषयाचा गाभा आणि पाण्याच्या टंचाईत वाढलेल्या मुलाला वाटप शिकवावे लागत नाही. मात्र दृष्टान्त कोठवर चालतो हे तपासूनच तो घ्यावयास हवा. हिवरे बाजारचा ताळेबंद पाहून डायक्स्ट्राच्या 'बँकर्स अल्गोरिदम'ची आठवण होणे साहजिक आहे. दोन्हींत मागणी आधी जाहीर करावी लागते आणि देणे शक्य असूनही पुढचा धोका पाहून नकार दिला जातो. पण बँकेचे कर्ज परत येते, प्रोसेस संपली की मेमरी परत येते. पिकाने प्यालेले पाणी परत येत नाही. त्यामुळे ताळेबंद हा कोणत्या प्रोसेसला आत घ्यावयाचे या निर्णयाचा चांगला दृष्टान्त आहे, बँकर्स अल्गोरिदमचा नाही. हा भेद पुस्तकात लिहिला गेला पाहिजे. ढोबळ साम्यावर भागविणारे दृष्टान्त विद्यार्थ्याला उदाहरण नसण्यापेक्षा अधिक फसवितात.

सीपीयूच्या वाटपासाठी याच जिल्ह्याचा कालव्याखालील भाग, मुळा-प्रवरेचा पट्टा, अधिक उपयोगी पडतो. आवर्तन सुटले की शेजपाळीच्या यादीप्रमाणे एकाचे भिजले की दुसऱ्याचे दार उघडते. सुरू झालेले काम मध्ये न तोडण्याची ही पद्धत. याउलट ठरावीक तासांची पाळी असली, तर वेळ संपताच भिजलेले असो वा नसो, पाणी पुढे सोडावे लागते. हेच राउंड रॉबिन आणि ते तास म्हणजे टाइम क्वांटम. आता समजा, कोरडी चारी ओली होऊन पाणी शेतात शिरायला दर पाळीस अर्धा तास जातो. पाळी एक तासाची ठेवली तर निम्मे पाणी चारीच पिते. सहा तासांची ठेवली तर नुकसान बाराव्या भागावर येते, पण आठ शेतकऱ्यांतील शेवटच्याला बेचाळीस तास बांधावर बसून राहावे लागते. कॉन्टेक्स्ट स्विचचा खर्च आणि क्वांटमची लांबी यांचा संबंध इंग्रजी ग्रंथांत आलेखाने दाखविलेला असतो. आलेख अवश्य असावा, पण तो या चारीनंतर यावा.

डेडलॉकसाठी सावडीइतका चोख दृष्टान्त प्रस्तुत लेखकास अन्यत्र आढळला नाही. दोन शेतकऱ्यांकडे एकेकच बैल आहे. वापसा झाला आहे, पाभरीला जोडी लागते. प्रत्येकाने आपला बैल आपल्या शेतात आणून उभा केला आणि दुसऱ्याच्या बैलाची वाट पाहू लागला. एक बैल एका वेळी दोन पाभरींना जुंपता येत नाही : परस्पर वर्जन. हातचा न सोडता दुसरा मागणे चालू आहे : धरून ठेवून प्रतीक्षा. दुसऱ्याच्या दावणीचा बैल कोणी परस्पर सोडून आणत नाही : हिसकावणीचा अभाव. आणि पहिला दुसऱ्यासाठी, दुसरा पहिल्यासाठी थांबला आहे : चक्राकार प्रतीक्षा. १९७१ मध्ये कॉफमन आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या चारही अटी येथे पुऱ्या होतात आणि वापसा उडून जातो. सावड म्हणजे या कोंडीवर गावाने शोधलेला तोडगा. दोन्ही बैल एकदम एकाच्या शेतावर न्यावयाचे, त्याची पेरणी उरकली की दुसऱ्याच्या. ज्याची पाळी नंतर, त्याने तोवर काहीच धरून ठेवायचे नाही. म्हणजे सावडीने मोडली ती दुसरी अट. पहिली अट मोडता येत नाही, कारण बैल तो बैलच. तिसरी मोडली तर अर्धवट पेरलेले शेत मागे राहते आणि भांडण होते ते वेगळे. अर्धा कागद छापून झाल्यावर प्रिंटर काढून घेतला तर हेच होते. आरंभी उल्लेखिलेल्या प्रश्नाचे, एक अट काढली तर काय घडेल याचे, उत्तर विद्यार्थी येथे स्वतः देऊ शकतो.

ट्रॅक्टरच्या काळात बैलांचा दृष्टान्त जुना झाला, असा आक्षेप येईल. तो अंशतः मान्य आहे. पण सावड हा शब्द आणि ती रीत दोन्ही अजून घराघरांत माहीत आहेत. शिवाय कॅन्ससच्या रेल्वेपेक्षा ती खचित जवळची आहे.

अनुवादाची नवी लाट

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने अभियांत्रिकीची पाठ्यपुस्तके मराठीसह अनेक भारतीय भाषांत आणण्याचे काम हाती घेतले आणि त्यासाठी यंत्रानुवादाचीही मदत घेतली जात आहे. या उपक्रमाचे स्वागत करताना एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. मूळ पुस्तक इंग्रजीत सिद्ध करून त्याचा अनुवाद करावयाचा, या पद्धतीत सूत्र मराठीत येते. दृष्टान्त मूळचाच राहतो, कारण दृष्टान्त बदलण्याचा अधिकार अनुवादकाला नसतो. यंत्राला तर तो नसतोच. परिषदेने अनुवादकाऐवजी रूपांतरकार नेमावेत, त्यांत संगणकशास्त्राचा एक व मराठीचा एक अध्यापक असावा आणि प्रत्येक प्रकरणातील किमान मुख्य उदाहरण नव्याने लिहिण्याची त्यांना मोकळीक असावी, अशी सूचना येथे करावीशी वाटते. विदर्भातील रूपांतरकार मालगुजारी तलावाचे उदाहरण घेईल, कोकणातील आणखी कशाचे; त्याने बिघडत नाही.

याला जोडून परीक्षेचाही विचार व्हावयास हवा. 'डेडलॉकच्या चार अटी लिहा' हा प्रश्न पाच गुणांसाठी वर्षानुवर्षे येत राहिला तर कितीही चांगले पुस्तक शेवटी मार्गदर्शिकेपुढे हरणार. त्याच पाच गुणांसाठी सावडीची कोंडी देऊन कोणती अट कशी मोडली ते विचारता येते. उत्तर तपासायला परीक्षकाला दोन मिनिटे अधिक लागतील. अभ्यासमंडळांवर आपल्यापैकीच अध्यापक असतात आणि नमुना प्रश्नपत्रिका तेच तयार करतात.